निवडून यायचं सगळेच बोलतात, हरलेल्यानं खुर्ची सोडायची कशी? (देशोदेशीच्या तऱ्हा)

तांबडापांढरा
रामराम मंडळी. परवा संध्याकाळी कोल्हापुरात खासबागेजवळ चहाला थांबलो होतो. विषय अर्थातच महापालिका, निकाल लागून दिवस झाले तरी कोण कुणामुळं पडलं याचा हिशेब काय मिटत नाही. त्यात आमच्यातला एकजण म्हणाला, इंग्लंडात निकाल लागला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंतप्रधान सामान बांधून घराबाहेर, अमेरिकेत अडीच महिने लागतात, आणि आपल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली ते नव्या सभागृहासाठी मत टाकायला जानेवारी २०२६ उजाडलं. सगळे हसले. मी पण हसलो, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातनं जाईना.

म्हणून हा धागा. आपण मतदान, मशीन, पाकिटं, जात, प्रचार यावर रात्ररात्र बोलतो. पण हरलेला माणूस बाहेर कसा पडतो, मधल्या काळात किल्ल्या कुणाकडं असतात, आणि तो म्हणाला मी नाही जात जा, तर त्याला उठवायचं कुणी, हे कुणी बोलत नाही. मत टाकून घ्यायला काय, हुकूमशहा पण टाकून घेतात. मला वाटतं खरी गंमत त्याच्या पुढं आहे.

बाहेर असलेल्यांनी तिथलं लिहा. इथल्या पक्षांची भांडणं इथं नकोत, त्यासाठी दुसरे धागे जळतायत.

लीड्सकर_मूळ_कागल
मी लिहितो, कारण मी स्वतः मत टाकलंय. आश्चर्य वाटेल पण भारताचा पासपोर्ट असताना, नुसत्या वर्क व्हिसावर. कॉमनवेल्थ देशांचे नागरिक इथं रहात असले आणि यादीत नाव घातलं की पार्लमेंटला मत टाकता येतं. गावाकडं मात्र मला प्रत्यक्ष कागलला येऊनच टाकावं लागतं, ते विमानाचं तिकीट बघून राहतंय.

तर ४ जुलै २०२४, गुरुवार. इथं मतदान रविवारी नाही, सुट्टी पण नाही, सकाळी ७ ते रात्री १०, लोक कामावरनं येताजाता टाकतात. मशीन नाही, शाई नाही. कागद आणि दोरीला बांधलेली बुटकी पेन्सिल. पहिल्यांदा बघून मला वाटलं कुणीतरी खोडलं तर? ओळखपत्र दाखवायची सक्ती पण २०२३ पासनंच आली, त्याच्या आधी नुसतं नाव पत्ता सांगायचा. रात्री १० ला दार बंद आणि लगेच मोजणी, सकाळी उठलो तर सरकार बदललेलं. ५ तारखेला हरलेले पंतप्रधान सुनक राजाकडं जाऊन राजीनामा देऊन आले, त्यांच्या मागोमाग स्टार्मर गेले आणि दुपारी पंतप्रधानांच्या घराच्या दारात उभे राहून भाषण. मधे काही तास. घरात कायम राहिलं ते एकच, लॅरी नावाचं मांजर, २०११ पासनं उंदीर पकडायच्या पोस्टवर आहे, पंतप्रधान आले गेले, मांजर जागेवर.

आपल्याकडं साधा तलाठी बदलला तरी चार्ज द्यायला आठवडा जातो.

उचगावची
सगळं गोडगोड लिहिलंय दादा, पण हे पण लिहा की त्याच निवडणुकीत स्टार्मरच्या लेबर पक्षाला मतं ३४ टक्क्यांच्या आत आणि जागा ६३ टक्के. म्हणजे शंभरातल्या सहासष्ट जणांनी दुसऱ्यालाच टाकलं आणि सामान मात्र एका दिवसात हललं. सामान पटकन हललं म्हणजे सगळं बरोबर असं थोडंच असतं.

लीड्सकर_मूळ_कागल
मान्य ताई. ज्याला जास्त मतं तो जिंकला ही आपली पद्धत आपण इथनंच उचलली, दुखणं पण त्याच्याबरोबर आलं. मला फक्त चार्ज देण्याचं कौतुक. ते जमतं कारण साहेब लोक बदलत नाहीत, मंत्री आणि त्यांचे थोडे सल्लागार तेवढे जातात, फाइल हातात असलेला सचिव तिथंच. शिवाय निवडणुकीच्या आधीच विरोधी पक्षाला त्या सचिवांशी बोलायची मुभा देतात, उद्या आलात तर काय करणार आहात म्हणून. कल्पना करा, आपल्याकडं विरोधी पक्षनेता निवडणुकीआधी मंत्रालयात सचिवाबरोबर चहा पीत बसलाय. टीव्हीवर आठवडाभर दुसरं काय चालणार नाही.

आणि प्रत्येक वेळी एका दिवसात होतंच असं पण नाही. २०१० ला कुणालाच बहुमत नव्हतं तेव्हा पंतप्रधान ब्राऊन ५ दिवस बसून होते, पेपरवाल्यांनी तेवढ्यात त्यांना घुसखोर ठरवलं.

निवृत्त_मास्तर_राधानगरी
चर्चा चांगली चालली आहे. ब्रिटनचाच विषय आहे तर १९४५ सांगतो. ५ जुलैला मतदान झाले, पण सैनिकांची मते परदेशातून यायची म्हणून मोजणी तीन आठवडे थांबवली. मधल्या काळात चर्चिल जर्मनीत पॉट्सडॅमला स्टॅलिन आणि ट्रूमन यांच्याबरोबर परिषदेला बसले. तिथून निकालासाठी घरी आले, २६ जुलैला हरले, आणि परत परिषदेला गेले ते ॲटली. युद्ध जिंकून दिलेला माणूस, निम्मी परिषद झालेली, आणि खुर्चीवर दुसराच! ॲटलींना मात्र चर्चिल यांनी आधीपासूनच बरोबर नेले होते, निकाल काय लागेल कुणास ठाऊक म्हणून. स्टॅलिनच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल याचा मी वर्गात नेहमी अभिनय करून दाखवायचो.

आणि आपले १९७७ विसरू नका. मी तेव्हा कॉलेजला होतो, रेडिओभोवती गर्दी. आणीबाणी चालू असतानाच निवडणूक घेतली, इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांनी पडल्या. २१ मार्चला आणीबाणी उठली, २२ ला त्यांनी राजीनामा दिला, २४ ला मोरारजींचा शपथविधी. त्यांच्यावर करायची तेवढी टीका मी आयुष्यभर केली, पण ते तीन दिवस निराळ्या खात्यात मांडतो. पोलीस, लष्कर, वर्तमानपत्रे सगळे हातात असलेली बाई उठून गेली.

पेठेतला_वाघ
मास्तर १ नंबर. पण उठून गेली म्हणून कौतुक कशाला, उठणं हे तिचं कामच होतं की.

निवृत्त_मास्तर_राधानगरी
वाघोबा, काम होतेच. पण काम असून न करणारे किती, त्याची यादी लावली तर हा धागा पुरणार नाही.

फौंड्रीवाला
यादीतला एक मी जवळनं बघितलाय. पंपांच्या कामासाठी तीन वर्षं घानात अक्राला होतो. त्याच पश्चिम किनाऱ्यावर गांबिया, छोटासा देश, नदीच्या दोन्ही काठानं पट्टी काढल्यासारखा. तिथं मतदान कशानं व्हायचं माहितेय का? गोट्यांनी. खरंच काचेच्या गोट्या. प्रत्येक उमेदवाराच्या रंगाचा एक पिंप, वर फोटो, भोक असतं त्यातनं गोटी सोडायची, आत घंटी वाजते, टण्. एकदाच वाजली म्हणजे एकच मत. तळाला भुस्सा नायतर वाळू घालतात म्हणजे दुसरा आवाज होत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकलला बंदी, कारण घंटी सारखीच वाजते! वाचता न येणाऱ्याला पण बरोबर कळतं आणि मोजायला भोकं पाडलेला ट्रे, गोट्या लावल्या की आकडा समोर.

तर डिसेंबर २०१६ ला त्या गोट्यांनी २२ वर्षं बसलेला राष्ट्राध्यक्ष जामेह पडला. त्यानं टीव्हीवर फोन लावून जिंकलेल्या बॅरोला अभिनंदन पण केलं, सगळ्यांनी बघितलं. आणि आठवड्यानं म्हणाला, मला निकाल मान्य नाही. झालं. नवा माणूस बॅरो, त्याचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ ला शेजारच्या सेनेगलात, डाकारच्या गांबियाच्या वकिलातीत झाला, स्वतःच्या देशात पाय ठेवता येईना. शेजारच्या देशांनी मिळून सैन्य आत घातलं तेव्हा दोन दिवसांनी जामेहसाहेब विमानात बसले.

आणि घानात बघा, मी असताना लोक अभिमानानं सांगायचे, २००८ ला दुसऱ्या फेरीत अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी फरकानं सत्ताधारी पक्ष हरला, चाळीस हजार मतं असतील, तरी ७ जानेवारीला चार्ज दिला. तीच तारीख ठरलेली, दर चार वर्षांनी. डिसेंबर २०२४ ला तर अधिकृत निकाल यायच्या आधीच हरलेल्यानं फोन केला. आपल्याला आफ्रिका म्हटलं की एकच चित्र दिसतं, दोन्ही देश एकाच किनाऱ्यावर आहेत.

उचगावची
गोट्यांचं लईच आवडलं. आमच्या गल्लीतली पोरं बिनविरोध निवडून येतील.

तांबडापांढरा
फौंड्रीवाले, याच्यावरनं वाटतं, कागद, मशीन, गोटी काय बी असू दे, मोजणी बरोबर झाली तरी पुढचं अडतंच. आता अमेरिकेचं कुणी लिहा.

इव्हीएमविरोधी
मशीन काय बी असू दे कसं? जर्मनीच्या घटनापीठानं २००९ ला मशीनवरचं मतदान घटनेत बसत नाही म्हणून सांगितलं, सामान्य माणसाला स्वतः तपासता आलं पाहिजे म्हणून, आपल्याकडं मात्र विधानसभेच्या एका मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून

संपादक
ईव्हीएमवर चालू धागा आहे, ४०० च्या वर प्रतिसाद आहेत तिथं. कृपया तिकडं.

एडिसन_न्यूजर्सी
मूळ शाहूपुरी, २१ वर्षं इथं. अमेरिकेचं सांगायचं तर पहिली गोष्ट ही की इथं आपल्यासारखा देशभराची निवडणूक घेणारा एक आयोग नाही. पन्नास राज्यं आपापली घेतात, त्यात पण काउंटीचं वेगळं, एकीकडं पोस्टानं, एकीकडं मशीनवर. आणि अध्यक्षाला तुम्ही थेट निवडतच नाही. ५३८ इलेक्टर असतात, २७० लागतात, ते डिसेंबरमध्ये मत टाकतात, ६ जानेवारीला काँग्रेस म्हणजे इथली संसद मोजते आणि २० जानेवारीला दुपारी १२ ला बदल. म्हणून २०१६ ला हिलरीबाईंना जवळजवळ २९ लाख मतं जास्त पडून त्या घरी. हे आईला फोनवर समजावताना माझी दोन तास गेली, शेवटी म्हणाली तुमच्याकडं शिकलेली माणसं नाहीत का रे.

पेठेतला_वाघ
काय अवघड आहे त्यात? गोकुळ दूध संघाचा ठराव!! गावातल्या दूध संस्थेत सभासद हजार असू दे, संघाच्या मतदानाला जाणार एकच ठरावधारक. ज्याच्याकडं ठराव जास्त तो जिंकला, गवळी कुणाच्या बाजूनं आहे कोण विचारतंय. २०२१ च्या मे मध्ये २१ पैकी १७ जागा जाऊन कितीतरी वर्षांची सत्ता उलटली ती तीन साडेतीन हजार ठरावांवर, दूध घालणारी माणसं लाखांनी. फरक एवढाच, तुमच्या इलेक्टरना सहलीला नेत नसतील.

एडिसन_न्यूजर्सी
हसून खुर्चीवरनं पडलो. आईला हेच सांगायला पाहिजे होतं, तिला दोन मिनिटांत कळलं असतं.

सहलीला नेत नाहीत, पण ठराव फुटू नये म्हणून बऱ्याच राज्यांनी कायदा केलाय, ज्याच्या नावानं आलास त्यालाच टाक. बाकी खरी गोष्ट त्या अडीच महिन्यांची. पूर्वी तर ४ मार्चपर्यंत थांबायचे, घोड्यावरनं यायला लागायचं म्हणून, १९३३ ला घटना बदलून २० जानेवारी केलं. एवढा वेळ लागतो कारण ब्रिटनच्या उलट इथं वरची माणसं पण बदलतात, अध्यक्षाच्या नेमणुकीच्या जागा चार हजारांच्या आसपास. म्हणून जिंकलेल्याच्या टीमला ऑफिस, पैसे, फायली आधी द्यायच्या असा कायदा आहे. पण ते सुरू करायला एका सरकारी खात्यानं पत्र काढावं लागायचं, हा माणूस जिंकलेला दिसतोय म्हणून. २०२० ला ते पत्र २३ नोव्हेंबरपर्यंत निघालंच नाही. आणि पुढं ६ जानेवारीला जमाव संसदेत घुसला ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, मी त्या दिवशी घरनं काम करत होतो, बायको म्हणाली हे कुठल्या देशातलं आहे.

पण दुसरी बाजू पण लिहितो. त्या मोजणीचा निकाल सिनेटचा अध्यक्ष म्हणजे उपाध्यक्ष वाचून दाखवतो, आणि कधीकधी तो स्वतःच हरलेला उमेदवार असतो. २००० ला फ्लोरिडात ५३७ मतांनी सगळं अडलं, कोर्टानं डिसेंबरमध्ये मोजणी थांबवली, आणि जानेवारीत अल गोर यांनी उभं राहून स्वतःचा पराभव वाचून दाखवला. स्वतःच्याच पक्षाचे खासदार हरकत घ्यायला उठत होते, त्यांना हेच खाली बसवत होते. २०२५ ला कमला हॅरिस यांनी पण तेच केलं. मधल्या गोंधळावरनं २०२२ ला कायदा बदललाय, उपाध्यक्षाचं काम नुसतं औपचारिक हे स्पष्ट लिहिलं आणि हरकतीला आता पाचवा हिस्सा सभासद लागतात. म्हणजे दोनशे वर्षं जे माणसाच्या शरमेवर चाललं होतं ते शेवटी कागदावर घ्यावं लागलं.

तांबडापांढरा
"माणसाच्या शरमेवर चाललं होतं" हे मी वहीत लिहून ठेवतोय.

वकिलीचं_तिसरं_वर्ष
शरमेवरनं आठवलं, जर्मनीनं हे १९४९ लाच कागदावर घेतलं. सरकार पाडायचंय तर नवा चॅन्सेलर कोण ते त्याच मतात ठरवायचं. नुसतं 'हा नको' चालत नाही, 'हा नको, तो हवा' असंच मत द्यावं लागतं. आजपर्यंत यशस्वी एकदाच झालंय, १९८२ ला श्मिट गेले, कोल आले.

आपल्याकडं तसं नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं, पण पाडणाऱ्यांकडं पर्याय काय जमला नाही. मग काळजीवाहू म्हणून तेच राहिले. आणि त्याच काळजीवाहू सरकारनं कारगिल लढलं! परीक्षेला हे मी लिहिलं होतं, सरांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं. आपल्या घटनेत काळजीवाहू सरकार असा शब्दच नाही सर, सगळं प्रथेवर चाललंय.

फौंड्रीवाला
काळजीवाहूचा बाप बेल्जियम. जून २०१० ला निवडणूक, सरकार डिसेंबर २०११ ला, ५४१ दिवस. फ्लेमिशवाले आणि फ्रेंचवाले एकमेकांशी बोलायला तयार नाहीत, ब्रसेल्सच्या आजूबाजूची गावं कुणाची यावर घोडं अडलं. तोवर राजीनामा दिलेलं सरकारच चालू, त्यांनीच युरोपियन युनियनचं अध्यक्षपद सहा महिने भूषवलं, लिबियावर विमानं पण पाठवली. लोकांनी चिडून काय केलं, तर चौकात जमून बटाट्याच्या फिंगर चिप्स खाल्ल्या.

उचगावची
भाषेवरनं भांडण, गावं कुणाची यावर अडलंय... बेळगाव आणि बेल्जियम, नावातच कायतरी आहे.

पेठेतला_वाघ
५४१ दिवसाचं काय सांगता राव. आपले १८०० च्या वर भरले. कोरोना झाला, आरक्षणाचा खटला झाला, प्रभाग कितीचा यावर तीनदा कच्चा आराखडा, आम्ही काय मिसळ खायची सोडली नाही. जगात भारी.

वकिलीचं_तिसरं_वर्ष
आणि घटनेत २४३ यू मध्ये स्वच्छ लिहिलंय की पालिकेची मुदत संपायच्या आधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. तरी राज्यातल्या किती पालिका प्रशासकावर. मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं, तरी त्याला जानेवारी उजाडला. बेल्जियममध्ये निदान निवडून आलेले खासदार तरी बसलेले होते. आपल्याकडं ८१ च्या ८१ खुर्च्या रिकाम्या.

तांबडापांढरा
हाच तर माझा मूळ मुद्दा. तिकडं सगळे विचारतात हरलेला उठत नसेल तर काय. आपल्या गावात कुणी हरलंच नव्हतं, कुणी जिंकलं पण नव्हतं, सगळे नुसते 'माजी' झाले आणि खुर्ची कुणी अडवून पण धरली नाही. २०२१ च्या जुलैला राजाराम बंधाऱ्याची पातळी वर चढायला लागली तेव्हा गल्लीतनं फोन जायचे ते माजी नगरसेवकालाच, आणि तो यायचा पण. कशाच्या अधिकारात यायचा? कशाच्याच नाही. सवयीनं. जामेह खुर्ची सोडेना हे बातमी होते. खुर्चीच पाच वर्षं गुंडाळून ठेवली तर ते कुठल्या देशाच्या पेपरात येणार?

रंकाळ्याचा_बगळा
थोडं उलट बोलू का. या पाच वर्षांत आमच्या भागात काय फार फरक पडला नाही, कामं आधी व्हायची तेवढीच झाली. उलट टक्केवारीच्या चर्चा कमी. लोकांना खरंच सभागृह पाहिजे होतं का?

तांबडापांढरा
बगळोबा, फरक पडला नाही असं वाटतं कारण पडलाय का हे विचारायला सभेत कुणी नव्हतं. बजेट मांडणारा साहेब, मंजूर करणारा पण साहेब. साहेब चांगला असला तर बरं चाललं, वाईट असला तर पुढच्या वेळी त्याला पाडणार कसा? त्याला मत टाकलंच कुठं होतं आपण.

रंकाळ्याचा_बगळा
हे पटलं. निम्मं.

लीड्सकर_मूळ_कागल
नवीन महापौराचं काय मग, परत वाटून घेणार का?

पेठेतला_वाघ
ती आपली परंपराच हाय भावा. एक झाला की राजीनामा, दुसरा, की राजीनामा, तिसरा. बोर्डवरच्या नावाला पेंट वाळू देत नाहीत.

वकिलीचं_तिसरं_वर्ष
हसू नका, स्वित्झर्लंडचं असंच आहे. सातजणांचं मंत्रिमंडळ आणि अध्यक्षपद दरवर्षी एकेकाकडं फिरतं. आयर्लंडमध्ये २०२० ला दोन जुन्या विरोधकांनी पंतप्रधानपद वाटून घेतलं, मार्टिन आधी, आणि ठरल्याप्रमाणं डिसेंबर २०२२ ला त्यांनी वराडकरांना दिलं.

फौंड्रीवाला
दिलं हे महत्त्वाचं. शेजारच्या कर्नाटकात पण वीस वीस महिने ठरलं होतं, ऑक्टोबर २००७ ला कुमारस्वामींची पाळी संपली तर सोडायला तयार नाहीत. नंतर येडियुराप्पा बसले ते आठवडाभर.

उचगावची
म्हणजे आमच्या महापौरांनी ठरलेल्या दिवशी राजीनामे दिले या बाबतीत कोल्हापूर आयर्लंडच्या रांगेत. घ्या, अभिमानाचं काहीतरी सापडलं एकदाचं.

निवृत्त_मास्तर_राधानगरी
मंडळी, झोप येत नाही म्हणून शेवटचे लिहितो. मी केंद्राध्यक्ष म्हणून पाच निवडणुका केल्या, मतपत्रिकेच्या आणि मशीनच्याही. संध्याकाळी मतदान संपले की मशीनचे 'क्लोज' बटण दाबायचे, १७-सी नावाच्या फॉर्मवर एकूण किती मते पडली ते लिहायचे, प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला प्रत द्यायची, मिळाली म्हणून त्याची सही घ्यायची. पेटीला सील लावताना पण त्यांच्या सह्या. निकाल तेव्हा कुणालाच माहीत नसतो.

एका वर्षी दाजीपूरकडच्या एका केंद्रावर एक म्हातारा प्रतिनिधी होता. दिवसभर बिडी न ओढता बसला. बाहेर काय वारे आहे ते त्याला दिसत होते, चहाच्या टपरीवर त्याच्या बाजूचे कुणी उरले नव्हते. संध्याकाळी मी सह्यांना कागद पुढे केला तर इतर पोरे खरडून मोकळी झाली. त्याने आकडा दोनदा वाचला, स्वतःच्या वहीतल्या खुणांशी ताडून पाहिला, आणि मग म्हणाला, "बरोबर हाय गुरुजी. आमी पडलोय, पर आकडा बरोबर हाय." आणि सही केली. बाळबोध, डोक्यावर रेघ काढून.

आमची एसटी त्या दिवशी रात्री दीडला आली. रमणमळ्यात पेटी जमा करायला पहाट झाली.

तांबडापांढरा
मास्तर, त्यांचा उमेदवार खरंच पडला का हो?

निवृत्त_मास्तर_राधानगरी
पडला. डिपॉझिट पण गेले.